लाटांची टाकी: मोटर ठीक, नळ उत्तम

भूगोलाच्या वर्गासाठी घेतलेली ही टेबलावर मावणारी टाकी आहे. लांबट पारदर्शक पेटी, एका टोकाला मोटरवर हलणारी फळी, दुसऱ्या टोकाला आपण रचायचा वाळूचा उतार. खोक्यावर सगळं कौतुक मोटरचं. माझे पैसे वसूल झाले ते तळाच्या साध्या नळावर.

वाळू आधी ओली करून थापून घ्या, नाहीतर कड उभी राहत नाही. पाणी कमी असताना लाटा उताराच्या पायथ्याशीच फुटतात, वरच्या वाळूला धक्काही लागत नाही. आता मोटरला हात न लावता नळाने पाणी हळूहळू वाढवा. लाट तेवढीच, पण ती थेट वरच्या वाळूला भिडते. खालून पोखरण सुरू होते, कड पुढे लोंबते, तिला चीर जाते आणि अख्खा तुकडा पाण्यात बसतो. मोकळ्या किनाऱ्यावर भरती स्वतः फारसं खात नाही, ती लाटांना वर चढवते. हे फळ्यावर सांगून कधी पोचत नव्हतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात वादळ आलं तर किनारा एका रात्रीत का तुटतो, ते आता मुलंच मला समजावतात.

मोटरला दोन वेग आहेत. जलद वेगावर वाळू खाली ओढली जाऊन पाण्याखाली तिचा बांध तयार होतो, हे छान दिसतं. संथ लाटांनी ती परत वर यायला हवी. समुद्रावर येते, इथे जेमतेम. लाट लहान केली तरी वाळूचा कण तेवढाच राहतो ना! सोबतची उभी भिंत मात्र जरूर लावून बघा. लाट आपटून परत फिरते आणि भिंतीच्याच पायाखालची वाळू उकरते.

ग्रॉयनची, म्हणजे किनाऱ्यापासून समुद्रात घातलेल्या आडव्या बांधाची, पट्टी का दिली, देव जाणे. तिरक्या लाटांनी वाळू किनाऱ्यालगत सरकते, ग्रॉयनच्या एका बाजूला साठते, पलीकडची बाजू उपाशी राहते. एवढ्या अरुंद पेटीत तिरकी लाट येणार कुठून?

पुस्तिका कपाटात ठेवा. तिच्यात दोन भरत्यांमधलं अंतर बरोब्बर १२ तास छापलंय. ते साधारण १२ तास २५ मिनिटं असतं.

आणि नळाच्या तोंडाशी आतून बारीक जाळी लावा. वाळू अडकली की ओहोटी अर्ध्यावरच थांबते.