पिवळा भृंगराज सांगून बागेतली वेल विकतात, चोपडा-शिरपूर-शहादाकडच्या शेतकऱ्यांनी वाचा

आमच्या नानांचे म्हणजे माझ्या काकांचे 1 लाख 10 हजार रुपये गेलेत आणि वरून अर्धा एकर रान खराब झालंय, म्हणून सविस्तर लिहितेय, कारण तीच माणसं अजून तापीकाठच्या गावांत फिरतायत असं कळतंय.

मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर दोघं जण गाडी घेऊन आले. केळीच्या भावाचा काही भरवसा नाही, कापसाला बोंडअळी, मग किती दिवस तेच करणार, औषधी शेती करा, असं सगळं बोलणं. सातपुड्यातली दुर्मिळ जात आहे, पीत भृंगराज, केसांच्या तेलाला लागतो, वाळलेला पाला आम्हीच 180 रुपये किलोने उचलणार, स्टॅम्प पेपरवर करार. रोप 22 रुपयाला एक, 5 हजार रोपं, पैसे आधी. मोबाईलवर फोटो दाखवले, छान पिवळी फुलं, आणि शेजारच्या गावातल्या एकाचा फोनही लावून दिला की ह्यांनीसुद्धा लावलंय. तो माणूस कोण होता ते आम्हाला आजपर्यंत सापडलं नाही.

रोपं भराभर पसरली, दिवाळीच्या आधी सगळं पिवळं झालं, नाना खूश. पाला न्यायला या म्हणून फोन केला तर आज येतो उद्या येतो आणि मग नंबर बंद. निंदायला आलेल्या मावशी तर बघताक्षणी बोलल्या होत्या, "हाई ते बंगलाना बागमा ऱ्हास". म्हणजे ही तर बंगल्याच्या बागेत असते. तेच खरं होतं. मी बॉटनीत बीएस्सी केलंय, गावी गेल्यावर पान हातात घेतलं आणि पोटात गोळाच आला. ती स्फॅग्नेटिकोला ट्रायलोबाटा होती, सिंगापूर डेझी म्हणतात ती, मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली, आपल्याकडे बागेत जमीन झाकायला लावतात आणि नर्सरीत फार स्वस्तात मिळते.

आता हे लोक कशावर खेळतात ते नीट समजून घ्या. खरा पीत भृंगराज आहे, खोटं नाहीये ते, त्याचं नाव स्फॅग्नेटिकोला कॅलेंड्युलेसिया. पूर्वी ह्या दोन्ही वनस्पती वेडेलिया या एकाच नावाखाली धरायचे, आणि पावतीवर ह्यांनी नुसतं 'वेडेलिया' लिहिलंय, पुढची जात लिहिलीच नाही. म्हणजे उद्या कोणी विचारलं तर म्हणायला मोकळे की आम्ही वेडेलियाच दिला. म्हणून पावतीवर पूर्ण दोन शब्दांचं शास्त्रीय नाव लिहून घ्या, जो लिहून देत नाही त्याला पैसे देऊच नका.

फूल बघून ओळखायला जाऊ नका. सूर्यफुलाच्या कुळात, ज्याला अ‍ॅस्टर कुळ म्हणतात, आपल्याला एक फूल दिसतं तो खरं तर बारीक बारीक फुलांचा गुच्छ असतो, कडेची पाकळी म्हणजेसुद्धा एक वेगळं फूल, आणि पिवळ्या जाती वरून बघितल्या तर फोटोत सगळ्या सारख्याच दिसतात. पान बघा. सिंगापूर डेझीचं पान जाड, चकचकीत, आणि बऱ्याच पानांना दोन बाजूंना दोन टोकं फुटून तीन भाग झालेले दिसतात. सगळ्याच पानांना नसतात, म्हणून एक पान तोडून समाधान मानू नका, वेल लांबपर्यंत उचलून बघा. खऱ्या पीत भृंगराजाचं पान अरुंद लांबट, कड जवळपास सरळ किंवा थोडेफार उथळ दाते, हाताला खरखरीत लागतं आणि तीन भाग कधीच होत नाहीत. शिवाय ती पाणथळ, ओलसर जागेतली वनस्पती आहे, उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या टेकडीवरून आणली असं कोणी सांगितलं तर तिथेच शंका घ्यायची.

दुसरा प्रकार बियांचा. आमच्या गावातल्याच एकाला माक्याचं बी म्हणून एकदांडीचं बी दिलं, दगडी पाला म्हणतात ना तेच, बांधावर फुकट उगवतं. माका आपल्याला माहितीये, पित्तरपाटात लागतो, पाटचारीच्या कडेला असतो, पांढरं बारीक फूल, कडेच्या पाकळ्या भरपूर पण एकदम लहान, आणि पाला चुरगाळला की थोड्या वेळात रस काळपट पडतो. एकदांडीचं फूल लांब दांडीवर एकटंच असतं, कडेला पाच-सहाच फिकट पाकळ्या आणि टोकाला तीन दाते. बी हातात घेतलं की तर लगेच कळतं, एकदांडीच्या बीला पिसासारखा केसांचा झुपका असतो, फुंकर मारली की उडतं. माक्याचं बी खडबडीत, त्याला असा झुपका नसतो. पुडी फोडून तळहातावर घ्यायची आणि फुंकायचं, एवढं केलं असतं तरी त्या भावाचे पैसे वाचले असते.

पैशांपेक्षा रानाचं दुःख मोठं आहे. ही वेल जगातल्या 100 सगळ्यात घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे. कांडी जिथे जमिनीला टेकेल तिथे मुळं सोडते, रोटाव्हेटर फिरवला तर तुकडे होऊन आणखी पसरते, त्यामुळे हाताने उपटून, गोळा करून, पूर्ण वाळवून जाळावं लागतंय. उपटलेली पाटात तर बिलकुल टाकू नका, पाण्याबरोबर पुढच्याच्या शेतात जाईल.

पोलिसांत तक्रार दिलीये, भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचं आहे, तेच लावा म्हणून आम्ही लेखी दिलं. ग्राहक आयोगातही जाणार आहोत. शेतकरी ग्राहक नसतो असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, बियाण्याच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने 2012 मध्येच शेतकऱ्याला ग्राहक मानलंय. त्यासाठी पावती, करार, बँकेतून पैसे गेल्याचा पुरावा लागतो आणि रोपाचा नमुनाही लागेल, म्हणून सगळं उपटायच्या आधी फुला-पानासकट दोन-तीन फांद्या वर्तमानपत्रात दाबून वाळवा, वर तारीख आणि गट नंबर लिहा, आणि जवळच्या कॉलेजच्या बॉटनी विभागाकडून ओळख लेखी घ्या.

ज्यांच्याकडे नुसतं 'वेडेलिया' लिहिलेली अशी पावती असेल त्यांनी कृपा करून मला मेसेज करा, एकत्र तक्रार दिली तर जास्त जोर येईल, आत्ता आम्ही दोनच घरं आहोत.