होडीत इव्हीए फोम शीट लावून आठ महिने झाले, खरं काय ते सांगतो

भोगावती नदीच्या काठाला आमची बारा फुटी फायबरची होडी असते, रविवारी गळ टाकायला आणि पोरांना फिरवायला, धंदा वगैरे काय नाही. फायबरचा तळ कोरडा असला की बरा, पाणी सांडलं की साबण फासल्यागत. गेल्या दिवाळीत मेव्हणा मासा बादलीत टाकायला उठला आणि सरळ आडवा, गुडघा टम्म सुजला, मासा पण गेला (त्याला मासा गेल्याचंच जास्त लागलं). 

त्याआधी दोन वर्षं हिरवं गवताचं मॅट होतं. ते पाणी धरून ठेवतंय, उन्हाळ्यात पण खालनं ओलंच, वास मारतंय, आणि नुसतं अंथरलेलं असल्यामुळं माणसाबरोबर मॅटच सरकतंय. दोस्ताच्या होडीत वाळू मिसळलेला पेंट आहे, पकड एक नंबर, पण पोरं गुडघ्यावर बसली की सालटी निघतात म्हणून तो नको म्हटलं. रबर मॅट उचलून बघितलं, जड लई. शेवटी ६ मिमीची इव्हीए शीट घेतली, हे म्हणजे स्लीपर-बुटाच्या सोलमध्ये असतं तेच, फक्त वर बारीक चौकटी उठवलेल्या. दुकानदार काळा रंग गळ्यात मारत होता, मी हट्टानं फिकट राखाडी घेतला. तरी पण एप्रिलात दुपारी दोनला अनवाणी पाय ठेवला की चटका बसतोच, चार तांबे पाणी मारायचं मग उभं राहायचं. काळा घेतला असता तर भाकरी भाजली असती.

पकडीबद्दल तक्रारच नाही. ओल्या पायानं, माशाच्या चिकट पाण्यात, कुठंच घसरलो नाही, आणि तासभर उभं राहिलं तरी टाचा दुखत नाहीत. पाणी आत मुरत नाही, फडकं मारलं की झालं.

आता चुका, ह्या माझ्याच आहेत. फेब्रुवारीत चिकटवताना होडीची मागची बाजू नीट केली, पॉलिश पेपर मारला, एसीटोननं पुसलं, वाळू दिलं, शीट बसवून वरनं घरातलं लाटणं फिरवलं (घरी अजून माहीत नाही). पुढच्या टोकापर्यंत अंधार पडला आणि कंटाळा आला, तिथं नुसतं ओल्या फडक्यानं पुसून चिकटवून टाकलं. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पुराची इशारा पातळी ३९ फूट, आम्ही त्याच्या लई आधी, जूनमध्येच होडी काढून परड्यात ताडपत्रीखाली ठेवतो. गणपतीनंतर ताडपत्री काढली तर मागची शीट जशीच्या तशी आणि पुढचे तिन्ही कोपरे वर उचललेले, खाली पांढरी बुरशी. त्यात कोपरे मी काटकोनात कापलेले, चप्पल अडकून अडकून तिथनंच सुटत जातंय. पाच रुपयाच्या नाण्याएवढा गोल कापा, आणि उन्हानं शीट आकसते, माझ्या जोडावर आता बोट जाईल एवढी फट पडलीय.

गळाचं टोक रुतलं तर ओढू नका, मागं फिरवून काढा. मी ओढलं, अंगठ्याएवढा तुकडाच आला. 

आणि गाळ! पावसाळ्यानंतर नदीचा तो तांबडा बारीक गाळ चौकटीत बसतो, वाळला तर सिमेंट. ओला असतानाच कपड्याच्या ब्रशनं घासायचा, तारेचा ब्रश अजिबात नको.

आता पुढचा भाग पूर्ण खरवडून काढलाय. तिथं काठावरनं चिखलाच्या पायानं चढतोय आम्ही, बसत कुणी नाही, म्हणून तेवढ्या दोन फुटात दोस्तासारखा वाळूचा पेंटच मारणार, मधे आणि मागं फोम राहू दे. शीट चिकटवलेल्या जुन्या सोल्युशनचे डाग मात्र निघता निघंनात, कालपासनं एसीटोनची दुसरी बाटली सुरू आहे आणि मेव्हणा काठावर बसून सल्ले देतोय.