मॉन्ट्रियलमध्ये बाळाचं नाव शोधताना: पैसे भरून घेतलेलं ॲप आणि फुकटची 'नावांची बँक'

लेक आता चार महिन्यांची झाली, जरा श्वास घ्यायला वेळ मिळतोय म्हणून हा रिव्ह्यू लिहायला घेतलाय. कॅनडात, आणि त्यातही क्वेबेकमध्ये (मॉन्ट्रियल ज्यात येतं तो फ्रेंच बोलणारा प्रांत) राहणारे जे कोणी नाव शोधतायत त्यांना उपयोग होईल म्हणून सगळं सविस्तर सांगते. आमचा प्रश्न असा की घरी मराठी, दोघांचं ऑफिस इंग्लिशमधून, आणि मुलीची शाळा होणार फ्रेंचमधून, कारण 1977 च्या भाषा कायद्यामुळे इथे बाहेरून आलेल्यांच्या मुलांना बहुतेक वेळा फ्रेंच शाळेतच जावं लागतं. म्हणजे नाव आधी आपलं वाटायला हवं आणि मग इंग्लिश आणि फ्रेंच दोन्हीत कुणीही कागदावर बघून नीट हाक मारायला हवी. मला स्वतःला ऑफिसमध्ये गेली सहा वर्षं कुणी बरोबर नावाने बोलावलेलं नाही आणि ते मला खरंच लागतं, म्हणून यावर मी इतका जीव टाकला.

आधी ॲप. नाव नाही सांगत. सात डॉलर भरले, 'दोन्ही भाषांत चालणारी नावं' अशी मोठी यादी, प्रत्येकापुढे हिरवी खूण. यादी उघडली तर त्यात थॉमस, ह्यूगो, जोसलिन, लॉरेन्स. आता थॉमस फ्रेंचमध्ये 'टोमा' होतो, शेवटचा स गायब. ह्यूगोचा ह जातो, उरतो 'उगो'. जोसलिन इंग्लिशमध्ये मुलगी आणि फ्रेंचमध्ये मुलगा, लॉरेन्स बरोबर उलटं, इंग्लिशमध्ये पुरुषाचं आणि इथे फ्रेंचमध्ये 'लोरांस' म्हणजे मुलगी. स्पेलिंग दोन्हीकडे सापडतं एवढ्यावरून खूण मारलेली दिसते, कुणी तोंडाने म्हणून बघितलेलंच नाही! भारतीय नावांचा भाग तर त्याहून वाईट, नुसती यादी चिकटवलेली. 5 पैकी 2, ते पण फक्त आवडलेली नावं सेव्ह करून नवऱ्याच्या फोनवर पाठवता येतात म्हणून.

मग वरच्या मजल्यावरच्या क्वेबेकी काकूंनी रेत्रेत क्वेबेकची 'बांक द प्रेनों', म्हणजे नावांची बँक, दाखवली. रेत्रेत क्वेबेक हे खरं तर पेन्शनचं सरकारी खातं, पण मुलांसाठीचा भत्ता पण तेच देतं, त्यामुळे जन्मलेल्या बाळांची नावं त्यांच्याकडे जमा होतात आणि 1980 पासूनची मोजदाद त्यांनी सगळ्यांसाठी खुली ठेवलीये. नाव टाकायचं, कुठल्या वर्षी किती बाळांना ठेवलं ते समोर येतं, मुलं वेगळी मुली वेगळ्या. मला हे प्रचंड आवडलं. लॉरेन्सचा सगळा गोंधळ इथे एका मिनिटात सुटतो, चार्ली हे नाव इथे मुलींमध्ये किती जोरात आहे ते कळतं, आणि नोआ, लियाम, एमा, ऑलिव्हिया ही गेल्या काही वर्षांत कायम वर असलेली नावं बघितली की एक गोष्ट लक्षात येते: छोटी, स्वरांवर चालणारी, ह किंवा ज ने सुरू न होणारी. तिथूनच आम्हाला धागा मिळाला. फुकट आहे, जाहिराती नाहीत, सात डॉलर भरायच्या आधी इथे जा.

अर्थात आकड्यांवरून उच्चार कळत नाही, ते काम आपलं आपणच करायचं. आम्ही काय केलं, नावं इंग्लिश स्पेलिंगमध्ये चिठ्ठ्यांवर लिहिली आणि काहीही न सांगता लोकांना वाचायला दिली, वरच्या काकू, सीएलएससीतली (म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यातली) नर्स, कोपऱ्यावरच्या देपानरचे (किराणा दुकानाचे) मालक, आणि इंग्लिशसाठी ऑफिसमधले मित्र. मुलगा की मुलगी माहीत नव्हतं त्यामुळे दोन्हीकडची नावं होती. हर्षचा 'आर्श' झाला. चिन्मय 'शिनमे'. जय लिहिलं तर काकू हसून म्हणाल्या हे तर 'झे', म्हणजे 'माझ्याकडे आहे', पुढे काय आहे ते पण लिही! निखिलचा पहिला तुकडा फ्रेंचमध्ये शिवीसारखा ऐकू येतो हे नर्सने फार संकोचून सांगितलं, शाळेत त्रास देतील म्हणाली, तिचे खरंच उपकार. रोहन मला फार आवडायचं आणि ते फ्रान्समध्ये जुनं आहेच, तिथल्या ब्रिटनी भागातलं मोठं सरदार घराणं, 1785 च्या राणी मारी आंत्वानेतच्या हिऱ्यांच्या हाराच्या भानगडीत अडकलेला कार्डिनल त्याच घराण्यातला, पण म्हणतात 'रोआं'. आणि मिलन म्हणजे फ्रेंचमध्ये घार.

(नावाशी संबंध नाही पण सांगून ठेवते, 'काका' म्हणजे फ्रेंच लहान मुलांच्या भाषेत शी. दीर भेटायला येणार असतील तर पाळणाघरात आधी सांगून ठेवा.)

मुलींच्या नावांत माझा जीव 'इरा'वर होता. काकू म्हणाल्या छान आहे, आमच्यात 'इरा' म्हणजे 'जाईल', एल इरा, ती जाईल. मला तर हे ऐकून अजूनच आवडलं. पण ऑफिसमध्ये सगळ्यांनी 'आयरा' वाचलं आणि इंग्लिशमध्ये हे पुरुषाचं नाव आहे, गीतकार आयरा गर्श्विन होता तसं. सोडलं, वाईट वाटलं. लीलाचं पण तसंच. डबल ई लिहिली की फ्रेंच माणूस 'लेला' म्हणतो, एक आय लिहिला तर फ्रेंचमध्ये सुंदर, कारण 'लिला' म्हणजे लायलॅकची फुलं, मे महिन्यात इथे गल्लोगल्ली तोच वास, पण मग इंग्लिशवाले 'लायला' म्हणतात. माया दोन्हीकडे शंभर टक्के पास. साताऱ्याहून आईचा फोनवर स्पष्ट नकार, 'माया म्हणजे भ्रम गं, लेकराला कशाला'. मला पटलं नाही पण आईला दुखवायचं नव्हतं.

शेवटी मीरा. स्पेलिंग एम-आय-आर-ए, डबल ई नाही. फ्रेंच लोक र घशातून काढतात, तेवढं चालतं. इंग्लिशवाल्या दहा जणांत दोघांनी 'मायरा' वाचलं, एकदा सांगितल्यावर पुन्हा चुकले नाहीत. आणि इथल्या फ्रेंच माणसाला हे नाव आधीच तोंडपाठ, कारण मीरा ही क्वेबेकमधली अंध लोकांसाठी कुत्रे तयार करून देणारी संस्था, 1981 पासूनची. नर्स लगेच म्हणाली 'अ, मीरा, कुत्र्यांची!' नवरा जरा हिरमुसला. मला नाही वाईट वाटलं, ज्या नावावरून लोकांना वाट दाखवणारा प्राणी आठवतो ते नाव लेकीला मिळालं तर बिघडलं काय.

कागदपत्रांचं एक: जन्मनोंदणी 30 दिवसांत करायची असते, आणि आपलं बारसं बाराव्या दिवशी, त्यामुळे आधी आत्याने पुण्याहून व्हिडिओ कॉलवर कुर्रर्र केलं आणि मगच फॉर्म भरला. फॉर्म पाठवायच्या आधी नाव मोठ्याने, आडनावासकट, दोन्ही भाषांच्या माणसांकडून एकदा वाचून घ्या, आमचं डबल ई वालं स्पेलिंग तिथेच बदललं.