सरड्याचा ‘संपूर्ण आहार’ म्हणून कासवांचं खाद्य गळ्यात मारलं, सावध राहा

माझ्याकडे युरोमॅस्टिक्स आहे. काटेरी शेपटीचा वाळवंटी सरडा, पाल्यावर जगणारा. त्याला माझ्याच हातून माशाचा चुरा खाऊ घातला गेला, आणि तेही पूर्ण पैसे आगाऊ घेऊन. अजून संताप जात नाही.

असले विक्रेते जाळं कसं टाकतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. खूश गिऱ्हाइकांचे निरोप, ‘शेवटचे काही डबे’, तेच ते. पण मला हे खाद्य विकणाऱ्याला विषय येत होता. पालकाच्या भाजीतलं ऑक्झलेट नावाचं द्रव्य कॅल्शियम अडकवून ठेवतं, आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट हवं, घरात ठेवलेल्या सरड्याच्या अंगात यूव्हीबी (अतिनील किरणांच्या) दिव्याशिवाय डी३ जीवनसत्त्व नीट तयार होत नाही, हे त्याने न विचारता सांगितलं. सरड्याच्या नाकपुड्यांपाशी पांढरा थर बघून मी घाबरलो होतो. शरीर जादा क्षार तिथून बाहेर टाकतं, आजार नाही, हेही त्यानेच समजावलं आणि ते खरं आहे. अशा माणसावर कोणीही विश्वास ठेवला असता.

मी त्याला विचारलं होतं, कॅल्शियम २ टक्के लिहिलंय, मग फॉस्फरस किती? उत्तर आलंच नाही. आला एका गुबगुबीत सरड्याचा व्हिडिओ. आकडा मागितला आणि व्हिडिओ आला! ते आठवलं की आजही तळपायाची आग मस्तकात जाते. लेबलवर प्रथिनं ३८ टक्के होती. पाला खाणाऱ्या प्राण्याला ३८? त्यावर म्हणाला, वाळवंटात अन्न कमी मिळतं, म्हणून खाद्य कसदार लागतं. इतक्या ठामपणे सांगितल्यावर मी आणखी काय विचारायचं होतं?

५०० ग्रॅमचे ३ डबे आले. वजन केलं तर प्रत्येकात ४१० ग्रॅम. म्हणजे २७० ग्रॅम तिथेच गायब. झाकण उघडताच मासळीचा वास. तर म्हणे समुद्री शेवाळ आहे. वासाचं खाद्य आलं की पहिला दाणा घालण्याआधी घटकांची यादी मागा, पहिले तीन घटक वाचा.

पुढे सरड्याची बोटं सुजली, तो जागचा हलेना. डॉक्टरांनी रक्त तपासलं, युरिक ॲसिड वाढलेलं. गाऊट. शाकाहारी सरड्याला प्राणिज प्रथिनं मिळत राहिली की मूत्रपिंडांवर ताण येतो आणि युरिक ॲसिडचे खडे सांध्यांत साचतात. डॉक्टरांनी डबा मागवून घेतला, वरचा कागद नखाने सोलला. खाली मूळ छपाई होती: पाण्यातल्या कासवांसाठी.

तक्रार केली. विक्री झाली ते संकेतस्थळ म्हणालं, परत करायची मुदत संपली, वर १० टक्के सवलतीचं कूपन पाठवलं. त्याच माणसाकडून पुन्हा घ्यायला! ग्राहक तक्रार कक्षाने पशुखाद्य आमच्याकडे येत नाही म्हणून पशुखात्याकडे पाठवलं. पशुखातं म्हणालं, आम्ही गुरं आणि कोंबड्या बघतो. पोलिसांनी रक्कम विचारली आणि पेन खाली ठेवलं. एकाने तर ‘सरडाच ना?’ असं विचारलं. खोटं लेबल चिकटवून विकणं हा गुन्हा आहे, मग प्राणी कुठला याने काय फरक पडतो? कोणी डबा हातात घेऊनसुद्धा पाहिला नाही. जो तो दुसऱ्या खिडकीकडे बोट दाखवतो, आणि तेवढ्यात विक्रेता खातं बंद करून मोकळा.

आगाऊ पैसे देऊ नका. लेबलखाली दुसरं लेबल आहे का ते कोपरा उचलून बघा. आणि ‘संपूर्ण आहार’ डब्यात मिळतो हेच मुळात मानू नका. या सरड्यांना रोज ताजा पाला लागतो: डँडेलियन, एंडाइव्ह, मोहरीची पानं, अधूनमधून जास्वंदीचं फूल. पाणीही बहुतेक त्यातूनच मिळतं. कोरड्या दाण्यांवर ठेवलेला सरडा आतून सुकतो.

तोच माणूस आता नव्या नावाने विकतोय. डबा तोच, झाकण हिरवं, प्रथिनं ३८ टक्के. त्याच्याकडे फॉस्फरसचा आकडा मागा.