आर्मर्ड कोर ६ : हरलो की परत गॅरेजात

‘आर्मर्ड कोर ६’ या व्हिडिओ गेममध्ये आपण सुटे भाग जोडून लढाऊ रोबॉट बांधतो आणि चालवतो. त्याच्या खांद्यावर जड ग्रेनेड तोफ चढवली आणि यंत्राला साधे दोन पाय असले, तर ती तोफ पळता पळता डागता येत नाही. यंत्र जागेवर थांबतं, पाय रोवतं, अंग सावरतं आणि मग गोळा सुटतो. तेवढ्यात समोरचा दोन-चार मिसाईल मारून मोकळा होतो. हेच पाय काढून खाली रणगाड्याचा पट्टा बसवा, तीच तोफ धावता धावता चालते. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत मशीनशॉपमध्ये माझी चौदा वर्षं गेली. फाउंडेशन कच्चं असलं की मशीन थरथरतं आणि जॉबवर, म्हणजे कापायच्या तुकड्यावर, लाटा उठतात, हे मी रोज बघतो. त्यामुळे गेममधलं हे पाय रोवणं पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी मिशन सोडून चाचणीच्या मैदानात गेलो आणि तोच गोळा दहा वेळा उडवून बघितला. ज्यांनी हा गेम केलाय त्यांना वजन म्हणजे काय ते कळतं.

‘आर्मर्ड कोर ६ : फायर्स ऑफ रुबिकॉन’ हा जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअरचा गेम. २५ ऑगस्ट २०२३ ला आला, दिग्दर्शक मासारू यामामुरा. मालिका मात्र १९९७ ची, पहिल्या प्लेस्टेशनवरची. ‘मॅक्रॉस’ या जपानी रोबॉट-कार्टूनवाले शोजी कावामोरी यांनी तिची सुरुवातीची यंत्रं रेखाटली होती. २०१३ नंतर ही मालिका दहा वर्षं गप्प होती. मधल्या काळात याच कंपनीचं नाव तलवारी आणि राक्षसांच्या गेमांमुळे जगभर झालं, आणि आमच्यासारखे रोबॉटवाले वाट बघत बसले.

मी पहिला भाग राजारामपुरीतल्या एका गेम पार्लरमध्ये खेळलो होतो, शाळेत असताना. सगळी पोरं फायटिंग गेमसाठी रांग लावायची, मी कोपऱ्यातल्या टीव्हीपाशी. खेळ जतन करायचं मेमरी कार्ड नव्हतं, म्हणून दर वेळी पहिल्या मिशनपासून सुरुवात. तासातली वीस मिनिटं मी नुसते पार्ट बदलून बघण्यात घालवायचो. मान वर-खाली करायला त्या वेळी खांद्यावरची बटणं दाबावी लागायची, बोटांच्या गाठी व्हायच्या. तरी घरी जाताना डोक्यात एकच विचार असायचा, उद्या ते उलट्या गुडघ्यांचे पाय लावून बघायचे.

सहाव्या भागात तो उद्या खराच आला. गोष्ट रुबिकॉन ३ नावाच्या ग्रहावरची. तिथे कोरल नावाचा पदार्थ सापडतो, ज्यात अफाट ऊर्जा आहे. अर्ध्या शतकापूर्वी त्याच कोरलचा आगडोंब होऊन ग्रह होरपळला होता. आता कोरल पुन्हा सापडल्याची कुणकुण लागलीय आणि बलाम, आर्केबस या दोन बड्या कंपन्या, ग्रहाला टाळं ठोकून बसलेली सरकारी यंत्रणा आणि तिथले स्थानिक लोक, सगळे एकमेकांवर उठलेत. आपण त्यात भाड्याने लढणारे पायलट. आपल्याला नावसुद्धा नाही, ६२१ एवढा नंबर. पहिल्याच मिशनमध्ये पडलेल्या यंत्रांच्या सांगाड्यांतून चालू परवाना शोधायचा असतो, आणि जो सापडतो तो ‘रेव्हन’ नावाच्या पायलटचा. पुढचा सगळा गेम लोक आपल्याला त्या नावाने हाक मारतात.

आता बाल्टियसबद्दल. पहिल्या चॅप्टरच्या शेवटी येणारा हा बॉस, म्हणजे बडा शत्रू. पाठीवर मिसाईलचं गोल कडं, अंगाभोवती पल्स ढाल, म्हणजे ऊर्जेचं कवच. कडं उघडलं की आकाश मिसाईलच्या रेघांनी भरून जातं. मी तीन रात्रीत एकोणीस वेळा हरलो. आधी मागे पळत होतो, मग बाजूला. सतराव्या का अठराव्या वेळी कळलं की पुढे जायचं, थेट मिसाईलच्या तोंडात, असॉल्ट बूस्ट (सरळ पुढे झेपावायची चाल) मारून त्यांच्या खालून. मिसाईल डोक्यावरून मागे निघून जातात आणि तुम्ही त्याच्या छातीशी पोचलेले असता. पण माझ्या रायफलने ढालीला ओरखडाही जात नव्हता. तीन रिपेअर किट मिळतात, ती तिन्ही ढाल फुटायच्या आतच संपायची.

मग मी हात थांबवले आणि यंत्र बघितलं. त्या ढालीवर पल्स गन लागू पडते आणि ती माझ्याकडे नव्हतीच. हरल्यावर मिशनच्या मधल्या ज्या टप्प्यापासून पुन्हा सुरू होतं, त्या चेकपॉइंटवर आपल्याकडचे पार्ट बदलता येतात, नवीन विकत घेता येत नाहीत. म्हणून अख्खं मिशन सोडून बाहेर आलो. दोन रायफली विकल्या, पल्स गन घेतली. इथे गेमची एक गोष्ट मनापासून आवडते. पार्ट ज्या किमतीला घेतला त्याच किमतीला विकला जातो, एक पैसा कमी नाही. त्यामुळे काहीही घ्या, जोडा, नाही पटलं तर परत करा. भीती नाही. विसाव्या वेळी ढाल काचेसारखी फुटली, बाल्टियस झोकांडला, मी डाव्या हातातली पल्स तलवार ओढली. पुढच्या टप्प्यात तो आगीचे लोळ फिरवत आला, पण तोवर मला त्याची चाल कळली होती. (पुढे सप्टेंबरच्या अपडेटमध्ये त्याला जरा मवाळ केलं. आता नव्याने खेळणाऱ्यांना एकोणीस वेळा हरावं लागणार नाही.)

हरल्यावर हा गेम ‘अजून सराव कर’ एवढंच म्हणत नाही. तो तुम्हाला गॅरेजात पाठवतो. आमच्याकडे जॉब रिजेक्ट झाला की ऑपरेटरला बोलून काही होत नाही. टूल बघा, जॉब धरणारं फिक्श्चर बघा, टूल पुढे सरकायचा वेग म्हणजे फीड बघा. इथे अगदी तसंच आहे. डोकं, धड, हात, पाय, बूस्टर, जनरेटर, नेम धरणारी यंत्रणा, दोन हातांत दोन आणि दोन खांद्यांवर दोन हत्यारं. खांद्याची तोफ जड झाली की पाय बदला, पाय बदलले की वेग जातो, वेग हवा म्हणून दुसरा बूस्टर घेतला की जनरेटर पुरत नाही. पट्ट्याचे पाय घेतले तर बूस्टर त्यांच्यातच येतो, वेगळा निवडताच येत नाही. चार पायांचं यंत्र हवेत तरंगत राहतं. उलट्या गुडघ्यांचं टोळासारखं उंच उडतं. आकडे भरपूर आहेत आणि पहिल्या दिवशी गोंधळ होतो, पण प्रत्येक आकडा लढाईत अंगाला जाणवतो. रात्री अकराला ‘एकच मिशन’ म्हणून बसायचं आणि साडेबाराला उठताना लक्षात यायचं की एकही मिशन केलं नाही, नुसता गॅरेजात होतो. असा वेळ मला कुठल्याच गेमने दिला नव्हता.

रंगकामाचं खातं माझ्या पुतणीकडे आहे. नववीत आहे, चित्रकलेची एलिमेंटरी झालीय. यंत्राच्या प्रत्येक भागाला वेगळा रंग देता येतो, चकाकी ठरवता येते, झिजलेपण ठरवता येतं, आणि गोल-त्रिकोण एकावर एक रचून स्वतःचं बोधचिन्ह बनवता येतं. तिने एका रविवारी दोन तास बसून डोमकावळा केला. त्रिकोणांची चोच, अर्धगोलांचे पंख, डोळ्यात एक पांढरा ठिपका. “काका, रेव्हन म्हणजे डोमकावळाच ना? मग मान राखाडी नको, सगळा काळा करते.” मग म्हणाली, नवीन कोरं यंत्र खोटं दिसतं, आणि गुडघ्यांजवळचा रंग झिजवला. तिथेच घासणार ना. मी तिला कधी शॉप फ्लोअरवर नेलं नाही, पण तिने बरोबर ओळखलं.

गोष्टीबद्दल थोडं सांगतो, गुपितं न फोडता. अख्ख्या गेममध्ये एकाही माणसाचा चेहरा दिसत नाही. फक्त बोधचिन्हं आणि रेडिओवरचे आवाज. आपल्याला कामं देणारा वॉल्टर कोरड्या आवाजात बोलतो, तरी त्याला आपली किती काळजी आहे ते दोन शब्दांच्या मधल्या थांबण्यातून कळतं. एअर नावाचा एक आवाज फक्त आपल्यालाच ऐकू येतो. आणि आर्केबसचा पायलट रस्टी. तिसऱ्या चॅप्टरमध्ये आईस वर्म नावाचा डोंगराएवढा यांत्रिक किडा पाडायला एरवी एकमेकांच्या जिवावर उठलेले सगळे एकत्र येतात. आपण जवळ जाऊन त्याच्या तोंडावर विजेची सुई मारायची, पहिली ढाल पडते. मग लांबून रस्टी रेलगन (लांब पल्ल्याची तोफ) सोडतो, दुसरी पडते. मग सगळे मिळून तुटून पडायचं. तो किडा बर्फातून वर येताना खालची जमीन फुगते, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. खुर्चीच्या कडेला येऊन खेळत होतो. रेलगनच्या शेवटच्या गोळीला माझ्या तोंडून “हाण!” असा ओरडा निघाला आणि आतून आईने विचारलं, काय झालं रे?

एकूण पाच चॅप्टर. मला पहिल्यांदा वीसेक तास लागले. पण एकदा संपवून ठेवून देऊ नका. शेवट तीन आहेत आणि तिसरा तिसऱ्या फेरीशिवाय मिळत नाही. दुसऱ्या फेरीत ओळखीच्याच मिशनमध्ये मध्येच कोणीतरी रेडिओवर येऊन वेगळा सौदा मांडतं. धरणाच्या मिशनमध्ये हे झालं तेव्हा मी यंत्र जागच्या जागी उभं केलं. मागच्या खेपेला ज्यांच्या खांद्याला खांदा लावून लढलो, ते दोघं समोर होते.

न पटलेल्या गोष्टीही आहेत. शत्रूवर धक्के साठत गेले की त्याचा तोल जातो आणि त्या दोन-तीन सेकंदांत सगळ्यात जास्त मार बसतो. कल्पना चांगली आहे, पण त्यामुळे जवळून भडिमार करणाऱ्या शॉटगन फार वरचढ ठरतात. लांबून निवांत नेम धरणाऱ्याला हा गेम तेवढं बळ देत नाही. अपडेटमध्ये बरंच सुधारलं, तरी माझी तक्रार पुरती गेलेली नाही. दुसरं म्हणजे ऐन लढाईत पात्रं महत्त्वाचं बोलतात आणि सबटायटल खाली बारीक अक्षरांत येतात. मिसाईल चुकवू की वाचू? इंग्रजी आवाज ठेवून खेळा, निदान कानांवर पडेल. आणि कठीणपणा कमी-जास्त करायची सोय नाही, हे नव्या माणसाने आधीच जाणून घ्यावं. पण मिशन छोटी आहेत, बरीचशी दहा-पंधरा मिनिटांची. दुसऱ्या शिफ्टवरून आल्यावरही एखादं होतं.

पीसीवर घ्या किंवा प्लेस्टेशनवर, पण कंट्रोलरवरच खेळा. चार हत्यारांना चार बटणं, दोन्ही हातांची बोटं खांद्याच्या बटणांवर. यंत्राचे दोन हात आणि दोन खांदे तुमच्या बोटांत येतात. कीबोर्डवर ते सुख नाही.

सध्या माझी तिसरी फेरी चालू आहे. पट्ट्याचं यंत्र बांधलंय, दोन खांद्यांवर दोन ग्रेनेड तोफा, काळा रंग, छातीवर डोमकावळा. वळायला जड आहे. पुतणी म्हणते एक तोफ काढ. आज रात्री काढून बघणार आहे.