रॅनाउन वेस्टर्न्सचा बॉक्स सेट, आठ महिन्यांनंतर

पाचही पिक्चर दोनदोनदा झाले, राइड लोन्सम तर चारदा, तेव्हा आता लिहितो. दिग्दर्शक बड बेटिकर, हिरो रँडॉल्फ स्कॉट, 1956 ते 1960 मध्ये दोघांनी मिळून सात वेस्टर्न, म्हणजे काउबॉयचे पिक्चर, केले, त्यातले पाच, ज्यांना रॅनाउन वेस्टर्न्स म्हणतात, ते यात आहेत. दोघांचा पहिलाच, सेव्हन मेन फ्रॉम नाउ, नाहीये आणि ते मला अजून खटकतं.

आधी कामाचं सांगतो. सेट अमेरिकेतला, भावाने येताना आणला. त्यात ब्लू-रे आणि फोर-के अशा दोन्ही डिस्क आहेत. ब्लू-रे डिस्क ठरावीक देशांच्या गटातल्या (रीजनच्या) प्लेयरवरच चालते; या डिस्क रीजन ए आणि आपल्याकडचे प्लेयर रीजन सी, त्यामुळे साध्या प्लेयरवर लागल्याच नाहीत. फोर-के (जास्त स्पष्ट चित्राच्या) डिस्कला रीजनची भानगड नसते, त्या फोर-के प्लेयरवर व्यवस्थित चालतात. फोर-के प्लेयर नसेल तर आधी तो घ्या.

आता पिक्चर. बजेट कमी, नटमंडळी मोजकी, सगळे ऐंशी मिनिटांच्या आत-बाहेर. लोकेशनपण तेच तेच, तीन पिक्चरमध्ये कॅलिफोर्नियातल्या लोन पाइनजवळचे अलाबामा हिल्सचे गोल गोल खडक आणि मागे सिएरा नेवाडाचे डोंगर. पहिल्यांदा मला वाटलं अरे परत तेच दगड, पण आता ती जागा गावाकडच्या वाटेसारखी ओळखीची झालीये आणि म्हणूनच माणसांकडे नीट लक्ष जातं. पैसा नाही म्हणून मोठ्या लढाया नाहीत, मग रात्री शेकोटीपाशी कॉफी पीत हिरो आणि व्हिलन बोलत बसतात, आणि तो व्हिलन इतका माणसासारखा लिहिलाय की त्याला गोळी लागू नये असं वाटतं. द टॉल टी मधला रिचर्ड बून बघाच.

राइड लोन्सममध्ये स्कॉट कैद्याला घेऊन उघड्या माळावरून मुद्दाम सावकाश जातो. (पुढचं वाक्य पिक्चर बघितला नसेल तर सोडा.) त्याला कैदी नकोच असतो, कैद्याचा भाऊ मागून यायला हवा असतो. हे माहीत झाल्यावर दुसऱ्यांदा बघताना प्रत्येक मुक्काम वेगळा दिसतो, त्याचं ते न बोलणंसुद्धा. जेम्स कोबर्नचा हा पहिला पिक्चर, काय गोड काम केलंय.

ब्युकॅनन राइड्स अलोन मला विस्कळीत वाटला. आणि इतर काही पिक्चरमध्ये मूळच्या अमेरिकन लोकांना नुसतं हल्ला करणारी टोळी म्हणून दाखवलंय ते आज बघवत नाही, बायकांनाही फार काही करायला दिलेलं नाही.

स्ट्रीमिंगवर मी यातला एक अर्धवट सोडला होता. डिस्क घरात आहे म्हणून परत लावला, म्हणून कळला. पुढच्या रविवारी कोमांची स्टेशन, तिसऱ्यांदा.