रोज चाळीस किलोमीटर आणि पहिली ई-सायकल: हब मोटर की मिड ड्राइव्ह?

पहिली ई-सायकल घेताना सगळे आधी मोटर किती वॉटची हे विचारतात, मीही तेच विचारलं होतं. पण जाताना २० आणि येताना २० किलोमीटर, वर्षाचे कामाचे दिवस २२० धरले तरी ८,८०० किलोमीटर होतात, आणि एवढं अंतर कापायचं म्हटल्यावर वॉटचा आकडा बाजूलाच राहतो. खरे प्रश्न वेगळे आहेत. चढावर मोटर तापणार का, दोन वर्षांनी बॅटरी घरापर्यंत पुरणार का, आणि दमून परत येताना पावसात मागचं चाक बसलं तर ते मला एकट्याला काढता येणार का. मी दोन्ही प्रकार वापरलेत, आधी दोन वर्षं हब मोटर आणि आता मिड ड्राइव्ह, त्यामुळे दोघांचं काय आवडतं आणि काय डोक्याला ताप देतं ते सरळ सांगते.

हब मोटर चाकाच्या मध्यभागी बसते आणि चाकाला थेट फिरवते. चेनवर फक्त तुमच्या पायांचा जोर येतो, म्हणून चेन, कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) सगळं साध्या सायकलीसारखं टिकतं. हे रोजच्या वापराला फार मोठं सुख आहे. पण या मोटरला तुमच्या गिअरचा काही उपयोग नसतो, लांब आणि उभ्या चढावर चाक हळू फिरतं म्हणजे मोटरही हळू फिरते आणि बॅटरीतली बरीचशी वीज ढकलण्याऐवजी उष्णतेत जाते. एखादा पूल चढायचा असेल तर काही फरक पडत नाही, दोन-तीन किलोमीटरचा सलग घाट असेल तर पडतो.

मिड ड्राइव्ह पॅडलच्या जागी असते आणि तिचा जोर चेनमधून, म्हणजे गिअरमधून जातो. खालचा गिअर टाकला की मोटर आपल्या सोयीच्या गतीने फिरत राहते आणि चढ आरामात निघतो. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या कारण जाहिरातीत ती कोणी सांगत नाही. बॉशच्या परफॉर्मन्स लाइन सीएक्स या मिड ड्राइव्हचा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, बरीच वर्षं ८५ न्यूटन-मीटर लिहिलेला असायचा आणि माहलेच्या एक्स३५ हब मोटरचा ४०, लगेच वाटतं की पहिली दुप्पट ताकदीची. पण ८५ हा पॅडलच्या आसावरचा आकडा आहे आणि ४० हा चाकावरचा. पुढे ४२ दात आणि मागे १४ असा वरचा गिअर असेल तर ८५ चे चाकावर २८ च उरतात, आणि मागे ४२ दातांवर चेन आणली की तेच ८५ पूर्ण मिळतात. थोडक्यात मिड ड्राइव्हची ताकद चढावर दिसते, सपाट रस्त्यावर तुम्ही तिचे जास्तीचे पैसे नुसते वाहून नेता.

आता पंक्चर. हब मोटरचं मागचं चाक मी एकदा अंधारात, भर पावसात काढलंय. आधी केबलचा पट्टा कापायचा, मग कनेक्टर ओढून सोडवायचा, मग दोन्ही बाजूचे नट १८ च्या पान्याने ढिले करायचे, आणि त्या नटांमागची आस अडवून धरणारी चकती चिखलात पडली ती शोधायलाच मला वेळ लागला. परत बसवताना कनेक्टरवरचे बाण जुळले नाहीत तर आतल्या पिना वाकतात. त्यानंतर शहाणी झाले: काटा कुठे घुसलाय ते सापडलं तर चाक काढायचंच नाही, टायरची एक बाजू उचलून ट्यूब तेवढीच बाहेर ओढायची आणि ठिगळ लावायचं. मिड ड्राइव्हला हा त्रास नाही, चाक साध्या सायकलीसारखं निघतं.

पण मिड ड्राइव्ह चेन खाते. तुमचा आणि मोटरचा, दोघांचा जोर तिच्यावर येतो. चेन मोजायची छोटी पट्टी मिळते ती घ्या आणि ०.५ टक्के ताणली की बदला, राहू दे म्हणून पुढे ढकललं तर कॅसेटही जातं आणि खर्च कितीतरी वाढतो. गिअर बदलताना पायाचा जोर क्षणभर कमी करायची सवय लावा. चेनऐवजी रबरी पट्टा असलेली, म्हणजे बेल्टवाली घेतली तर तेल आणि काळे डाग दोन्ही जातात, पण मग गिअर मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या डब्यात बंद असलेले लागतात आणि बेल्ट घालायला उघडणारी फ्रेम लागते, म्हणजे नंतर हौसेने बदलून घेऊ असं होत नाही.

मोटरच्या प्रकाराइतकाच महत्त्वाचा आहे मोटरने कधी आणि किती मदत करायची ते ठरवणारा सेन्सर, माझ्या मते थोडा जास्तच. कॅडेन्स सेन्सर फक्त पॅडल फिरतंय का एवढंच बघतो, हळू फिरवा नाहीतर जोरात, मदत तेवढीच, आणि सिग्नलवरून निघताना ती जरा उशिरा आणि धक्क्याने येते. टॉर्क सेन्सर तुम्ही किती दाबताय ते मोजतो. चाळीस किलोमीटरनंतर गुडघ्यांना आणि डोक्याला हा फरक कळतोच कळतो. हब मोटर घेणार असाल तर टॉर्क सेन्सरवालीच शोधा, त्यात तडजोड नको.

बॅटरीचं गणित स्वतः करा, जाहिरातीतले किलोमीटर सगळ्यात कमी मदतीवर, सपाट रस्त्यावर मोजलेले असतात. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर केलं की बॅटरीत किती वीज मावते ते वॉट-अवरमध्ये कळतं, म्हणजे ३६ व्होल्ट आणि १४ अँपिअर-अवर असेल तर ५०४ वॉट-अवर. समोरचा वारा, बॅग आणि मधली मदत धरून किलोमीटरला १२ वॉट-अवर पकडा, चाळीस किलोमीटरला ४८० झाले. म्हणजे नवी असतानाच ती काठावर पुरते, आणि लिथियम बॅटरीची क्षमता वापरानुसार कमी होत जाते, ८० टक्क्यांवर आली की तुमच्याकडे ४०० च उरले. म्हणून एकतर ७०० च्या आसपासची घ्या नाहीतर कामाच्या ठिकाणी दुसरा चार्जर ठेवा. ७०० वाली वर्षात साधारण १५० वेळा पूर्ण रिकामी होईल, ५०० वाली २०० च्या वर, आणि थंडीत दोघींचाही पल्ला घटतो. पाणी गोठेल इतक्या थंडीत सायकल बाहेर उभी राहिली असेल तर आत आणून बॅटरी कोमट होऊ द्या, मगच चार्जिंगला लावा.

वेगाचं पण बघून घ्या. युरोपियन युनियनमध्ये साध्या ई-सायकलची मदत ताशी २५ किलोमीटरला थांबते आणि मोटर जास्तीत जास्त २५० वॉटची, अमेरिकेत क्लास ३ या जास्त वेगवाल्या प्रकाराला ताशी २८ मैलांपर्यंत मदत मिळते. मदत थांबल्यावर २४ किलोची सायकल तुम्हीच ओढायची असते, आणि आत स्वतःचे गिअर नसलेली डायरेक्ट ड्राइव्ह हब मोटर तेव्हा चुंबकामुळे किंचित मागे खेचते.

माझं मत विचाराल तर रस्ता बहुतेक सपाट असेल तर टॉर्क सेन्सरवाली हब मोटर आणि वाचलेल्या पैशात मोठी बॅटरी. रोज खरा चढ असेल, किंवा सामान आणि मूल मागे बसवून चढायचं असेल, तर मिड ड्राइव्ह, आणि चेनचा खर्च आधीच धरून ठेवा. दोन्हींना हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आणि पूर्ण मडगार्ड पाहिजेतच. चालवून बघायला जाल तेव्हा रोजची बॅग पाठीला लावून जा, एक किलोमीटर मोटर बंद करून चालवा, आणि मागचं चाक कसं काढायचं ते तिथेच स्वतःच्या हाताने एकदा करून बघा.